फूटपट्टीची भाकर

माझ्या आत्याला चर्चची सगळी मंडळी पाठीमागे फूटपट्टी म्हणायची. पाठीमागेच, कारण तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. इस्पितळाच्या धुलाईघरात ती चादरींना इस्त्री करायची. घडीच्या काठावर काठ बसला नाही, तर चादर ओली करून पुन्हा पहिल्यापासून. घरीही तेच. रविवारी सुईला हात लावायचा नाही. जेवणाआधीच्या प्रार्थनेत माझा एक डोळा उघडा दिसला की ताट मागे सरकायचं. तिचे डोळे मिटलेले असताना तिला तो दिसायचा कसा, हे विचारायची सोय नव्हती.

महिन्यातून एकदा चर्चमध्ये प्रभुभोजन असे, येशूच्या आठवणीत भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट. त्याची भाकर वर्षानुवर्षं आत्याच भाजायची. लाटून, कडा कापून, सारखे चौकोन करून पांढऱ्या फडक्यात बांधायची. दुसऱ्या दिवशी सगळे पुढे जाऊन तुकडा घ्यायचे आणि ही मागच्या बाकावर मान खाली घालून बसायची. तिनं ती भाकर कधी खाल्ली नाही. मळताना बोटाला लागलेलं पीठसुद्धा चाटलं नाही.

कारण होतं माझे बाबा. त्यांनी मंडळीबाहेरच्या मुलीशी लग्न केलं, तेव्हा आत्यानं दारातच सांगितलं की आजपासून मला भाऊ नाही. बाबा दोनदा आले आणि बंद दार बघून गेले. पुढे कामावर परांची कोसळून ते वारले. भावाशी समेट केल्याशिवाय प्रभूच्या मेजाशी, त्या भाकरीपाशी, यायचं नाही, हा नियम तिला पाठ होता. समेट करायला आता भाऊच उरला नव्हता. तिनं आईला आणि मला घरी आणलं, आईचं शेवटचं आजारपण काढलं, मला लहानाचं मोठं केलं. पण मेजाशी काही गेली नाही.

आता तिची अन्ननलिका आवळत चालली होती. घरी न्या, असं डॉक्टर म्हणाले, म्हणजे काय ते मला कळलं. चमचाचमचा पाणी तेवढं उतरायचं. मरणाची तिला भीती नव्हती. भीती होती ती त्याच्या पुढची.

"मला दारातूनच परत पाठवतील गं," ती म्हणायची. "मी नाही का त्याला पाठवलं?"

मी त्यांची मुलगी आहे, त्यांच्या वतीनं मी माफ करते, असं मी तिला कितीदा तरी सांगितलं. ती एकच म्हणायची, "तू म्हणजे तो नाहीस." सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटायचे आणि नळ सोडून रडायचे.

त्या महिन्याची भाकर मी केली. अंथरुणातून तिनं माप सांगितलं, पीठ, पाणी, थोडं तेल. मी विचारलं, आणि मीठ? तर म्हणाली, भाकर शिकवताना पाळकीणबाईंनी सांगितलं नव्हतं, सांगितलं तेवढंच करायचं. मी तिच्या भावाची मुलगी. चिमूटभर टाकलंच.

उपासना संपल्यावर चर्चचे म्हातारे पाळक मला पायऱ्यांवर गाठून म्हणाले, आज भाकर कुणी केली? मी सांगितलं. ते तसेच पेला आणि भाकर घेऊन माझ्याबरोबर घरी आले. त्यांना बघून आत्यानं तोंड भिंतीकडे फिरवलं. ते स्टूल ओढून बसले.

"ताई, मीठ सांगायचं माझ्या बायकोकडून राहून गेलं होतं. पहिल्याच रविवारी आम्हाला कळलं. पण तुम्ही भाकर इतकी जपून आणलीत, की मीच तिला म्हटलं, राहू दे, अशीच खाऊ."

आत्या हळूहळू वळली. "म्हणजे सगळी अळणी?"

"सगळी."

"इतकी वर्षं चुकीची केली मी?"

"हो. आणि एकही तुकडा कुणी टाकला नाही."

ती रडायला लागली. आवाज फुटत नव्हता, नुसते खांदे हलत होते. मला पाळकांचा असा राग आला! आयुष्यात आपलं एवढं एक बरोबर आहे असं तिला वाटत होतं, तेही मरताना काढून घेतलं. मी त्यांना सरळ जायला सांगितलं. ते उठले नाहीत.

"मग मी घेऊन काय जाऊ?" आत्यानं विचारलं.

"रिकामं जायचं, ताई. आम्ही सगळे मेजाशी तसेच येतो."

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. आत्यानं त्यांचा हात धरला आणि माझ्याकडे बघितलं.

"तू मीठ घातलंस ना?"

मी मान हलवली.

"मग ही नको. माझी आण."

मागच्या खेपेच्या कापलेल्या कडा पाखरांसाठी डब्यात होत्या. मी एक आणली. पाळकांनी प्रार्थना केली, ती पेल्यात भिजवली आणि तिच्या जिभेवर ठेवली. तिला ठसका लागला. मी वाडगं पुढे केलं, तर तिनं ते हातानं सारलं आणि तोंड घट्ट मिटून घेतलं. घास उतरला की नाही, मला आजही माहीत नाही. बऱ्याच वेळानं तिचे ओठ हलले.

"अळणी आहे गं," ती म्हणाली.

पाळक जायला उठले. त्यांच्यामागे मी दार लावायला गेले, तेव्हा तिनं मला हाक मारली.

"लावू नकोस. तो दोनदा येऊन गेलाय."