लॅपटॉपमधला जपानी भाडेकरू

माझा नवरा कुकटपल्लीच्या एका कारखान्यात इंजिनिअर होता. कारखान्यानं जपानी यंत्रं मागवली, तेव्हा ती चालवायचं शिक्षण घ्यायला त्याला तिकडे पाठवलं, आणि परत येताना तो माझ्यासाठी एक लॅपटॉप घेऊन आला. गेल्या शतकाची शेवटची वर्षं होती ती. हैदराबादेत गल्लोगल्ली कॉम्प्युटरचे क्लास निघाले होते. त्यातल्याच एका क्लासात, काचीगुड्याच्या आमच्या घरापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर, मी शिकवत होते. क्लासात कॉम्प्युटर होते, घरी नव्हता. त्यामुळे नवऱ्यानं बॅग उघडून ती राखाडी, वहीएवढी वस्तू माझ्या मांडीवर ठेवली तेव्हा मी आधी पदराला हात पुसले.

झाकण उघडलं, बटण दाबलं. ओळखीची विंडोजची खूण आली आणि तिच्याखाली जपानी अक्षरं आली. मग आणखी जपानी अक्षरं.

"ह्यात इंग्रजी कुठंय?" मी विचारलं.

नवरा थोडा ओशाळला. "दुकानात पाटी इंग्रजीत होती," तो म्हणाला.

तेवढ्यात मामंजी, म्हणजे माझे सासरे, चष्मा शोधत आले आणि खुर्ची ओढून बसले. ते निवृत्त वकील. घराणं कितीतरी पिढ्यांपासून हैदराबादचं. शाळा उर्दूतून, वकिली इंग्रजीतून आणि घरात मराठी, तीही अशी की लग्न होऊन पुण्याहून आल्यावर पहिले काही महिने मला ती अर्धीच कळायची. त्यांनी पडद्याकडे बराच वेळ निरखून पाहिलं.

"हे उजवीकडून वाचायचं की डावीकडून?" त्यांनी विचारलं.

ते आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं.

शहरात लॅपटॉपच्या कंपनीच्या मालाची दुरुस्ती करणारं एक दुकान होतं. तिथल्या माणसानं लॅपटॉप उलटापालटा करून पाहिला आणि परत दिला. "मॅडम, हे मॉडेल इंडियात येतच नाही. ह्यात इंग्रजी विंडोज घातली तर पडदा चालेल की नाही सांगता येत नाही. आम्ही हात लावणार नाही." तो सरळ बोलला, त्यामुळे रागही आला नाही.

मग आम्ही ते यंत्र जागेवरून ओळखून वापरायला लागलो. तिसऱ्या ओळीतलं चौथं म्हणजे छापा, सगळ्यात खालचं म्हणजे बंद करा. सुरू केलं की रोज एक चौकट यायची, दोन बटणांची. डावं दाबलं की भलामोठा फॉर्म उघडायचा, म्हणून आम्ही उजवं दाबायचो. मामंजींनी त्या चौकटीचं नाव 'नोटीस' ठेवलं होतं. "नोटीस आली का ग?" ते आतून विचारायचे. "हौ, आली," मी म्हणायचे. त्यांच्यासारखं 'हौ' म्हणायची मला सवयच लागली होती.

पण असं किती दिवस चालणार? मी क्लाससाठी धडे टाइप करायला बसले की मध्येच कुठल्यातरी बटणाला बोट लागायचं आणि इंग्रजी अक्षरांच्या जागी जपानी उमटायला लागायची. एका मासिकासोबत लिनक्सची सीडी आली होती. लिनक्स म्हणजे विंडोजऐवजी कॉम्प्युटरवर घालता येईल अशी दुसरी प्रणाली, जगभरातल्या लोकांनी मिळून लिहिलेली आणि कुणालाही घेता येणारी. क्लासातल्या एका कॉम्प्युटरवर ती मी घातली होती, शिकण्यासाठी. तीच लॅपटॉपवर घालायची असं मी ठरवलं. होईल की नाही ह्याची खात्री नव्हती. पण होईल की नाही हेच मला बघायचं होतं.

"म्हणजे हे जपानी पुसून टाकणार?" मामंजींनी विचारलं.

"हो. जागा कमी आहे त्यात."

"नक्को बेटा. जे आपल्याला वाचताच येत नाही ते पुसू नये. काय लिहिलंय ते तरी कळू दे." मग जरा हसले. "आणि जुन्या भाडेकरूला असं एका दिवसात बाहेर काढता येत नाही. कायदा आहे. त्याला एक खोली देऊन टाक, बाकीच्या घरात तू राहा."

मला तो हट्ट वाटला, पण त्यांच्याशी वाद घालून कुणी जिंकल्याचं घरात ऐकिवात नव्हतं. डिस्कचे दोन भाग करता येत होते, फक्त त्याआधी जपानी विंडोजमध्ये थोडी आवराआवर करावी लागणार होती, आणि ती काय विचारते हे कळल्याशिवाय त्याला हात लावायची माझी हिंमत नव्हती.

क्लासात माझ्या सकाळच्या बॅचमध्ये एक तेलुगू मुलगी होती. इंजिनिअरिंग झालेली, टोकियोला नोकरीला जायचं म्हणून संध्याकाळी जपानी शिकत होती. मी तिला घरी बोलावलं. ती आली, मामंजींना वाकून नमस्कार केला आणि त्यांना 'लॉयर गारू', म्हणजे वकीलसाहेब, म्हणायला लागली. मामंजी एकदम खूश.

लॅपटॉप सुरू केला. नोटीस आली.

"ह्यात काय धमकी आहे, वाच," मामंजी म्हणाले.

तिनं बोट ठेवून हळूहळू वाचलं आणि हसायला लागली. "धमकी नाही, लॉयर गारू. म्हणतंय, आपण आम्हाला निवडलंत, फार आभार. आपलं नाव कळवायची तसदी घ्याल का? आणि उजवं बटण आहे ना, ते म्हणजे 'नंतर कळवतो'."

"म्हणजे इतके महिने आम्ही रोज 'नंतर कळवतो' म्हणतोय?"

"हो. आणि ते रोज आभार मानतंय."

मामंजी खुर्चीत मागे टेकले. "ये तो बडी तहजीबवाली मशीन निकली," ते म्हणाले, आणि मग दर चौकटीला तिला थांबवून अर्थ विचारायला लागले. 'कृपया थोडा वेळ थांबावे.' 'आता वीज बंद करायला हरकत नाही.' तिला काही अक्षरं यायची नाहीत, ती सोबत आणलेल्या कोशात शोधायची, आणि मामंजी तिच्या खांद्यावरून कोश बघायचे. आवराआवरीला संध्याकाळ झाली. चहा दोनदा झाला.

लॅपटॉपला सीडीची सोय नव्हती, फक्त फ्लॉपी चालायची. म्हणून क्लासातल्या कॉम्प्युटरमध्ये सीडी घालायची आणि प्रिंटर जोडायच्या जागेतून एक केबल लावून तिथून सगळं लॅपटॉपमध्ये ओढून घ्यायचं, असा बेत होता. तशी केबल मला बाजारात मिळाली नाही. नवऱ्यानं ती कारखान्यात स्वतः डाग देऊन बनवली. "जपानला जाऊन काय शिकलास, तर हे!" असं त्याचे मित्र म्हणाले म्हणे.

रविवारी क्लास बंद असायचा. मालकांनी किल्ली दिली. मी, नवरा, ती मुलगी आणि डबा घेऊन मामंजी असे आम्ही चौघं तिथे बसलो. फ्लॉपी घातली, बटण दाबलं, आणि काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी पळायला लागल्या. सगळ्या इंग्रजीत. हा प्रोसेसर सापडला, एवढी मेमरी सापडली, हा भाग ओळखता येत नाही, तो पुढे ढकलला.

"अरे, हे तर आपणहून जबानी देतंय!" मामंजी म्हणाले. "न विचारता! जरा हळू पळव."

हळू पळवता येत नव्हतं, पण नंतर त्या ओळी परत कशा बघायच्या ते मी त्यांना दाखवलं. दुपारपर्यंत ते त्याच वाचत बसले होते. केबलमधून प्रणाली थेंबाथेंबानं येत होती. आम्ही डबा खाल्ला. नवरा बाकावर झोपला.

प्रणाली बसली. अक्षरं टाइप होत होती, पण कळेवर एक छापलेलं आणि पडद्यावर दुसरंच. अवतरणचिन्ह दाबलं की @ यायचं. ते मी सावकाश एकेक करून जुळवलं. खरी पंचाईत चित्रांची होती. लॅपटॉपचा पडदा नेहमीपेक्षा लांबट होता, पट्टीसारखा. खिडक्या, चित्रं, माउसचा बाण असं सगळं सुरू करायला गेलं की त्यावर नुसते आडवे पट्टे यायचे, विणकाम उसवल्यासारखे. पडद्याचे नेमके आकडे लिनक्सला सांगावे लागतात, आणि ते आकडे कुठल्याच यादीत नव्हते. मी अंदाजानं आकडे घालत होते. पट्टे कधी जाड व्हायचे, कधी बारीक. एकदा अर्ध्या पडद्यावर खरंच चित्र दिसलं आणि गेलं. त्या अर्ध्या क्षणानं मला आणखी काही आठवडे कामाला लावलं. चिडचिड होत नव्हती असं नाही, पण त्याहून जास्त असं वाटायचं की आतमध्ये कुणीतरी आहे आणि आपल्याला फक्त नीट विचारता येत नाहीये.

मग त्या मुलीला एक कल्पना सुचली. "मॅडम, हे यंत्र जपानातच विकलं ना? मग तिथल्या कुणीतरी हेच केलं असेल."

आम्ही काचीगुड्याच्या चौकातल्या इंटरनेटच्या दुकानात गेलो. तिनं मॉडेलचा नंबर टाकून शोधलं, आणि खरंच, ह्याच लॅपटॉपवर लिनक्स चालवणाऱ्या कुणा जपानी माणसाचं एक पान निघालं. वर त्याच राखाडी यंत्राचा फोटो. पण फोटोच्या खाली नुसते चौकोन आणि चित्रविचित्र खुणा. दुकानातल्या कॉम्प्युटरमध्ये जपानी अक्षरंच नव्हती. मधूनमधून इंग्रजी शब्द आणि आकडे दिसत होते, पण आकड्यांचे तीन गट होते आणि कुठला कशाचा ते कळायला मार्ग नव्हता. चुकीचे आकडे घातले तर पडदा बिघडू शकतो असंही मी कुठेतरी वाचलं होतं.

"आता जपानी अक्षरंवाला कॉम्प्युटर कुठून आणायचा?" मी म्हणाले.

ती माझ्याकडे बघायला लागली. मग मीही तिच्याकडे बघायला लागले.

पान फ्लॉपीवर उतरवून घेतलं आणि आम्ही जवळजवळ धावतच घरी आलो. लॅपटॉप सुरू केला आणि लिनक्सऐवजी भाडेकरूला हाक मारली. त्यानं आधी आभार मानले, आम्ही 'नंतर कळवतो' म्हटलं, आणि पान उघडलं. सगळे चौकोन अक्षरं झाले होते.

"मी सांगत होतो ना?" मामंजी एवढंच म्हणाले, पण ते पुढे कित्येक दिवस म्हणत राहिले.

मुलीनं वाचून सांगितलं. पहिला गट त्या माणसानं केलेल्या चुकांचा होता, ते आकडे घालू नका म्हणून त्यानं मुद्दाम दिले होते. दुसरा बरोबर. तिसरा बाहेरचा पडदा जोडणाऱ्यांसाठी. शेवटी त्यानं लिहिलं होतं की आवाजाचं काही जमलेलं नाही, कुणाला जमलं तर कृपया कळवावं.

दुसरा गट घातला. पडदा क्षणभर काळा झाला आणि मग उजळला. या टोकापासून त्या टोकापर्यंत, एकही पट्टा नाही. मी माउस हलवला, बाण हलला. त्या बाणाला मी उगाच पडदाभर फिरवत राहिले. नवरा कारखान्यातून आला तेव्हा मी अजून तेच करत होते.

आवाजाचं आम्हालाही शेवटपर्यंत जमलं नाही. त्या माणसाला इंग्रजीत आभाराचं ईमेल पाठवलं. उत्तर आलं. त्यात त्यानं विचारलं होतं की हे यंत्र हैदराबादला कसं पोचलं?

मामंजींचं मन मात्र भलत्याच गोष्टीत अडकलं. लिनक्ससोबत एक लांबलचक परवाना येतो. तो कुणी वाचत नाही. मामंजींनी वाचला. दोन दिवस वाचला, पेन्सिलीनं खुणा करायला मला तो छापून आणायला लावला, आणि मग म्हणाले, "अगं, हा वकील कोण आहे? मोठा हुशार माणूस आहे."

"का?"

"बघ. आयुष्यभर मी मालकीचे कागद केले. हे माझं, तू हात लावू नकोस. ह्यानं त्याच कायद्याची गाठ उलटी मारलीय. हे घे, बदल, दुसऱ्याला दे. पण देताना जे तुला मिळालं ते सगळं त्यालाही द्यायचं. मध्येच कुलूप लावायचं नाही." त्यांनी पेन्सिल कानामागे खोचली. "वक्फच्या विहिरीसारखं आहे हे. विकता येत नाही, अडवता येत नाही. पाणी सगळ्यांचं."

गौलीगुड्यात त्यांचे दोन जुने वकीलमित्र राहायचे. त्यांच्याकडे तो परवाना घेऊन ते गेले आणि परत आले तेव्हा घसा बसला होता. मित्रांचं म्हणणं, असा कागद कोर्टात टिकणार नाही. मामंजींचं म्हणणं, टिकेल. मग त्यांनी तो मराठीत आणायला घेतला, म्हणजे इंग्रजी न येणाऱ्यालाही पटवता येईल. निम्म्याच्या पुढे तो गेला नाही, कारण प्रत्येक कलमावर ते थांबायचे आणि मला विचारायचे की हे प्रत्यक्षात कसं होतं, दाखव. मी दाखवायचे. प्रणालीचा मूळ मजकूर, तो लिहिणाऱ्यांनी जसा लिहिला तसा, त्यांच्यासमोर उघडून द्यायचे. त्यातला प्रोग्राम त्यांना कळत नव्हता, पण मध्ये मध्ये लिहिणाऱ्यांनी साध्या इंग्रजीत शेरे मारलेले असतात, ते त्यांना फार आवडायचे.

ती मुलगी पुढे टोकियोला गेली. मला त्या लिनक्सच्या उद्योगावर कुकटपल्लीत एक नोकरी मिळाली. मुलाखतीत त्यांनी पडद्याच्या आकड्यांबद्दल विचारलं आणि मी बोलतच सुटले. लॅपटॉप घरीच राहिला आणि दुपारचा मामंजींचा झाला. सुरू करणं, मजकूर उघडणं, बंद करणं एवढं त्यांना येत होतं आणि तेवढं त्यांना पुरत होतं.

एकदा ऑफिसात फोन आला. मी घाबरून घेतला, कारण घरून फोन म्हणजे काहीतरी बिनसलेलं.

"बेटा," मामंजी म्हणाले, "इथे एकानं लिहिलंय, 'हे का चालतं ते मला माहीत नाही, पण ह्याला हात लावला की सगळं बंद पडतं.' असं लिहिता येतं?"

"येतं, मामंजी. खूप जण लिहितात."

"कमाल आहे. कोर्टात एवढं खरं कुणी बोललेलं मी ऐकलं नाही." पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "बरं, असे आणखी किती जणांनी लिहिलंय ते शोधायचं कसं?"

मी त्यांना एकेक अक्षर सांगून कॉम्प्युटरला द्यायची शोधाची आज्ञा लिहून घ्यायला लावली. त्यांनी ती मला परत वाचून दाखवली, आणि 'ठेवतो' वगैरे काही न म्हणता फोन ठेवून दिला.