दहा ते बाराची गस्त

हे लिहायचं मी सहा वर्षं टाळलं. मुलीला सांगितलं नाही, बायकोलाही नाही.

आयर्लंडमधल्या लिमरिकला मुलीच्या वसाहतीत शेजाऱ्यांनी गस्त सुरू केली होती. पोलीस कुठवर पुरणार, आपणच लक्ष ठेवू, असा विचार. दिवसभर घरी असणारा म्हणून मला दहा ते बाराची पाळी मिळाली आणि एक पिवळं जाकीट. पुण्यात जन्मभर बँकेत मान खाली घालून बसलो, पण ते जाकीट चढवलं की मान ताठ व्हायची. आज त्या मानेचा संताप येतो.

मागच्या गल्लीत अमरावतीचे एक गृहस्थ मुलाकडे आले होते. रोज लोकांच्या अंगणातली फुलं तोडून पिशवीत भरायचे.

"भाऊ, विचारून तोडा," मी एकदा म्हणालो.

"देवाच्या फुलाले कोन इचारते? तुमी पुण्याचे लोकं लयच कायद्याचे!"

हसत मला घरी नेलं, चहा पाजला, प्रसादाचा शिरा दिला. मी दोनदा मागून खाल्ला.

मग गस्तीच्या ग्रुपवर त्यांचा फोटो आला. कुंपणाच्या आत, हातात पिशवी. खाली धडाधड शेरे: घरं हेरतोय, गाड्यांत डोकावतोय. गस्तीचा आयरिश म्होरक्या मला म्हणाला, "तुमच्याकडचा दिसतो. ओळखता?"

"नाही," मी म्हणालो.

फुलं पूजेची आहेत, हे सांगायला अर्धं मिनिट लागलं असतं. पण गस्तवाल्यांपुढे मला त्या गृहस्थांच्यातला दिसायचं नव्हतं. नीचपणा. दुसरा शब्द नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही चार जाकीटवाले त्यांच्या दारात. पिशवी रस्त्यावर उपडी केली. फुलंच निघाली, तरी एकही जण ओशाळला नाही. इंग्रजी न येणारे ते माझ्याकडे वळले.

"भाऊ, सांगा ना यायले, मी चोर नाई."

मी जमिनीकडे बघत राहिलो.

आठवड्याभरात ते परत गेले. ज्या नातीसाठी आले होते, तिचं बारसं त्यांनी फोनवर पाहिलं.

पुण्याला आल्यावर मी त्यांना फोन लावला. "बोला भाऊ!" म्हणाले, तोच मोकळा आवाज. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मी मूर्खासारखा अमरावतीच्या उन्हाची चौकशी केली आणि फोन ठेवला.

गेल्या वर्षी ते वारले. त्या फोनवर म्हणायचं होतं ते एवढंच: भाऊ, चुकलो. मी तुम्हाला ओळखत होतो.