गुड्डीच्या नावाची ताटं

सांगलीहून निघून वर्ध्याला उतरलो, एसटीनं हिंगणघाट गाठलं. रस्त्यात दुतर्फा फुटलेला कापूस. खिडकीतून तो बघायचं सोडून मी धीराची वाक्यं जुळवत बसलो होतो. माझी आठ वर्षांची भाची गुड्डी, तिला रक्ताचा कॅन्सर. वर्षभर फोनवरच बोलणं, भेट आता होत होती.

बाईसाहेब दारातच उभ्या! डोक्यावर टोपी, तोंडाला मास्क.

"मामा, तिथंच थांबा. आधी हात धुवा. नखंबी!"

मी हौसेनं आणलेली द्राक्षं तिनं परस्पर जप्त केली. "कच्चं चालत नाई मले. बाबा खाईन."

बाबा म्हणजे माझे मेहुणे, प्रमोदभाऊजी. लग्नात मुंडावळ्यांचं ओझं पेलेल की नाही अशी शंका यावी असा हा माणूस, आता शर्टाची बटणं त्याला घाबरत होती. बहीण हिंगणघाटची होऊन पार वऱ्हाडी बोलते. म्हणाली, "पाह्य दादा, आजार पोरीले अन् वजन बापाले!"

संध्याकाळी कारण कळलं. तासाभरात तीन घरांतून ताटं आली. झुणका-भाकर, खीर आणि शेजारच्या काकूंची सांबारवडी (कोथिंबिरीचं सारण भरून तळलेली वडी; इथं कोथिंबिरीला सांबार म्हणतात). सगळी गुड्डीच्या नावानं. पांढऱ्या पेशी कमी, म्हणून तिला बाहेरचं बंद. मग भाऊजी ताट आत नेत, चाटूनपुसून संपवत आणि बाहेर येऊन सांगत, "खाल्लं जी गुड्डीनं!" रिकामं ताट परत द्यायची इथं रीत नाही, म्हणून बहीण त्यात घरचं काही घालून पाठवी. की शेजारीण पुन्हा ताट धाडायला मोकळी! वर्षभर हेच चाललेलं.

"अहो, खरं सांगून टाका की," मी म्हणालो.

भाऊजींचं हसू गेलं. "भरलं ताट परत गेलं तं लोक म्हणतीन, पोरीनं खाणं सोडलं. ते मले आयकवत नाई, दादा."

गाडीत जुळवलेली धीराची वाक्यं बाजूला ठेवून मी रिकामी ताटं घासायला घेतली.

दुसऱ्या दिवशी आम्ही वर्ध्याला दवाखान्यात गेलो. पेशी वाढल्या असतील तरच शाळा, नाहीतर आणखी घरकोंडी. गुड्डी निवांत चित्रं रंगवत होती. भाऊजींनी मात्र बाकावर बूड टेकवलं नाही. अखेर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "छान वाढल्यात. सोमवारपासून शाळा, मास्क लावून. औषधं अजून बरीच चालतील, पण ताजं, गरम खाऊ द्या."

"काकूचंबी?" गुड्डीनं चित्रातून मान वर करून विचारलं.

"गरम असेल तर हो."

घरी पोचलो तोच काकू वाफाळती सांबारवडी घेऊन हजर. गुड्डीनं फुंकर मारून घास घेतला, डोळे मिटले.

"मागच्या बारीवानीच झाली ना व?"

गुड्डीनं बापाकडे चोरून पाहिलं. "हो काकू, तशीच!"

काकू खळखळून हसल्या. "अवं, मले पहिल्या दिवसापासून मालूम हाय कोण खाऊन राह्यलं ते! तुह्या बिमारीचं कळलं अन् तुह्या बापानं अन्न टाकलं होतं. त्याले जेव म्हटलं असतं तं जेवला असता का तो?"

भाऊजी पायरीवर बसले आणि लहान पोरासारखे रडले. मीही रडलो, कशाला लपवू!

परतीच्या गाडीत सारखं तेच आठवत होतं. वर्षभर मी दर रविवारी फोन केला. गुड्डी जेवली का, हे न चुकता विचारलं. भाऊजी जेवले का, हे मात्र एकदाही विचारलं नाही.