मामीच्या वाट्याची शेवटची बारा मिनिटं

माझ्या मामीनं अठरा वर्षांत एकही सिनेमा पाहिलेला नाही. लढाया मात्र इतक्या पाहिल्यात की एखाद्या सेनापतीनं तिच्यासमोर खुर्ची सोडून उभं राहावं.

मामी थिएटरात डोअरकीपर आहे. खेळ सुरू होताना ती पुढच्या दारात तिकिटं फाडते, दार ओढून घेते आणि बाहेरच्या बोळातल्या स्टुलावर जाऊन बसते. शेवटची बारा मिनिटं उरली की बॅटरी घेऊन आत शिरते आणि बाहेर पडायच्या दाराशी उभी राहते. दिवे लागायच्या आत कड्या निघालेल्या हव्यात, हा मॅनेजरचा नियम. मॅनेजर बोलतो नाकातून आणि दमानं, सर्दी झालेल्या न्यायाधीशासारखा. "बारा म्हणजे बारा, बाई. अकरा नको, तेरा नको. लोकं बंद दारावर आपटली तर माझी मान जाईल. माझ्याआधी तुमची."

आता पंखवाल्या, जादूवाल्या, तलवारीवाल्या सिनेमांत शेवटची बारा मिनिटं काय चाललेलं असतं? युद्ध. म्हणून मामीच्या वाट्याला फक्त युद्धच येतं. कोण कुणाचा मुलगा, मुकुट कुणी चोरला, शाप कशामुळे लागला, हे सगळं ती बाहेर स्टुलावर बसलेली असताना होऊन जातं. त्यात थ्री-डीचा चष्मा ती लावत नाही. "ते प्रेक्षकांचे." त्यामुळे तिला प्रत्येक सैनिक दोनदा दिसतो, एकाच्या खांद्यातून दुसरा फुटल्यासारखा.

"डोकं नाही दुखत?" मी एकदा विचारलं.

"एकाला मारलं की दोन पडतात," मामी म्हणाली. "लवकर आटपतं."

हे ती विनोद म्हणून बोलली नाही. दोन वर्षांपूर्वी बोलली असती. तेव्हा तिच्या आवाजात चढउतार होते. 'अगं बाई' म्हणताना तो तीन पायऱ्या चढायचा आणि चौथीवर अडखळायचा. आता तो सपाट झालाय. उशिराची गाडी जाहीर करणाऱ्या बाईसारखा म्हणावं, तर त्या बाईला निदान दिलगिरी तरी व्यक्त करावी लागते.

आम्ही मामीच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहतो. शाळा सुटली की मी मामीकडेच असते, जाडजूड पुस्तकं घेऊन. पुस्तक उघडलं की मी आधी लढाई शोधते, मग बाकीचं. माझी सगळ्यात आवडती लढाई गोठलेल्या तळ्यावरची आहे. दोन सख्ख्या बहिणी, तलवार एकच, खाली बर्फ तडकतोय. ती पानं मी मामीला हातवारे करून वाचून दाखवली. मामी इस्त्री करत होती.

"आणि तुझी आवडती कुठली गं?"

मामीनं कॉलर उलटी केली. "एकदा आवाज गेला होता मशीनचा. चित्र चालू. लोकं शिट्ट्या मारत होती, मशीनवाला धावत होता. पडद्यावर दोन्हीकडची माणसं आपली तलवारी चालवतायत, तोंडं उघडतायत, काही ऐकू नाही. कामावर असल्यासारखी. ती चांगली होती."

गेले अकरा आठवडे मामीच्या थिएटरात एकच सिनेमा ठाण मांडून होता. एकीकडे निळ्या झेंड्यांचा राजपुत्र, दुसरीकडे राखाडी फौज. मी तो तीनदा पाहिला होता. मामीनं शेवट दिवसातून चारदा.

"तुला कोण जिंकावंसं वाटतं?" मी विचारलं.

"राखाडीवाले."

"मामी! ते दुष्ट आहेत!"

"असतील. पण रांगेत येतात. ढकलाढकली नाही. आणि त्यांची ती शिंगांच्या टोपातली बाई पडलेल्या माणसाला पाठीवर घालते, मागे नेऊन ठेवते, परत येते, दुसऱ्याला नेते. तुझ्या राजपुत्रानं एकाला तरी उचललंय? नुसता केस उडवत असतो."

"अगं, तिनं पहिल्या अर्ध्या तासात अख्खं गाव जाळलंय! झोपलेल्या माणसांसकट!"

"मी नव्हते तेव्हा," मामी म्हणाली आणि इस्त्रीचा प्लग काढला.

आता दादाचं सांगायला हवं. दादा म्हणजे मामा-मामीचा एकुलता एक मुलगा. दोन वर्षांपूर्वी एका दुपारी मामी खेळ संपवून घरी आली, तेव्हा दादानं मामाला कपाटाला दाबून धरलं होतं. मामाचा चष्मा फरशीवर, दादाचा हात मामाच्या गळ्याशी. मामीनं खांद्यावरची पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही. "बापावर हात उचललास. नीघ. मी असेपर्यंत या घरात पाय टाकायचा नाही." दादानं एकदा खोलीभर नजर फिरवली आणि चपला हातात घेऊनच जिना उतरला. तेव्हापासून तो गावाच्या दुसऱ्या टोकाला गोदामात काम करतो, तिथेच झोपतो, आणि फोन करतो तो फक्त मला.

गुरुवारी त्याचा फोन आला. "शनिवारी रात्री निघतोय. जहाजदुरुस्तीचं काम आहे, समुद्रापलीकडे. तीन वर्षांचा करार. कपाटाच्या खालच्या खणात निळी फाईल आहे, माझे दाखले. दुपारी खाली आणून देशील? मी वर येणार नाही."

"मामीला काय सांगू?"

"हेच सांग. चोरून आणू नकोस."

मी सांगितलं. मामीनं फाईल काढली, ओल्या फडक्यानं पुसली, कोरड्या फडक्यानं पुसली आणि फ्रिजवर ठेवली. "शनिवारी ने." एवढंच. मामानं टीव्हीचा आवाज थोडा वाढवला. तीन वर्षं म्हणजे किती, हे त्या घरात मी एकटीच बोटांवर मोजत होते.

शुक्रवारी मामीची सुट्टी असते. सिनेमा रविवारी उतरणार होता, थिएटर रिकामं, म्हणून मॅनेजरनं दोन फुकट पास दिले. "अकरा आठवडे नुसती शेपटी बघितलीत, बाई. एकदा तोंडही बघून घ्या!" मी मामीला अक्षरशः ओढून नेलं. ती कडेच्या खुर्चीवर बसली, पाठ न टेकता. चष्मा लावायला लावला. पंचविसाव्या मिनिटाला शिंगांच्या टोपातल्या बाईनं स्वतःच्या हातानं पहिल्या घराला मशाल लावली. मामीनं चष्मा काढला, पुसला, परत लावला. गाव जळून संपेपर्यंत ती हलली नाही.

मध्यंतरात ती बोळात गेली आणि सवयीनं आपल्या स्टुलावर बसली. मी समोर, मक्याच्या लाह्या खात, विजयी.

"बघितलंस? म्हटलं नव्हतं मी?"

"हो. वाईटच आहे ती." मग तिनं माझ्याकडे पाहिलं. "त्या दिवशी तू घरात होतीस ना?"

आमच्याकडे 'तो दिवस' एकच आहे.

"होते."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"मग सांग. पहिल्यापासून."

दोन वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं, आणि कुणी विचारू नये याची मी पुरेपूर काळजी घेतली होती. लाह्यांचा पुडा मी खाली ठेवला.

मामाच्या कारखान्यातला विभाग बंद होऊन तेव्हा आठ महिने झाले होते. त्या दुपारी तो कामासाठी वरच्या साहेबांना फोन करणार होता. त्याआधी स्वयंपाकघराचं दार लावून एकटाच सराव करत होता. मी आणि दादा बाहेरच्या खोलीत. माझ्या कानात जे जातं ते तोंडातून बाहेर पडल्याशिवाय राहत नाही. मी मामाचा आवाज लावला. "साहेब, जमलं तर बघा. नाही जमलं तरी हरकत नाही, साहेब." 'हरकत'च्या आधी तो आवंढा गिळायचा, तोसुद्धा गिळला. दादा हसून हसून वाकला. म्हणून मी परत केलं, अजून मोठ्यानं. स्वयंपाकघराचं दार उघडलं. मी पटकन तोंडात बिस्किट कोंबलं.

"मामाला हसणारा दादाच दिसला," मी म्हटलं. "त्यानं दादाला मारलं. दोनदा हातानं, मग पट्ट्यानं. चार-पाचदा. दादानं आधी नुसता हात धरला होता, मामी. मग ढकललं. आणि तेवढ्यात तू आलीस."

"आवाज तुझा होता, हे तो बोलला नाही?"

"नाही."

"आणि तू?"

"नाही."

"बरं," मामी म्हणाली.

तिनं माझ्या एक थोबाडीत दिली असती तर मला बरं वाटलं असतं. घंटा झाली. "पुढचं बघायचंय का तुला?" तिनं विचारलं. मी नाही म्हणून मान हलवली. आम्ही घरी आलो, वाटेत भाजी घेतली, मामीनं सुटे दिले.

मामा टीव्हीसमोर होता. मामीनं पिशवी ओट्यावर ठेवली आणि तिथूनच म्हणाली, "अहो, त्या दिवशीची ती नक्कल आपल्या मुलानं केली नव्हती. हिनं केली होती."

"काहीतरीच काय! मी ऐकलाय आवाज. पुरुषाचा होता."

"तुमचाच होता. कर गं."

"मामी, नको ना."

"कर."

मॅनेजरची नक्कल मी मॅनेजरसमोर केली आहे, मुख्याध्यापिकांची मुख्याध्यापिकांसमोर. दोघंही खूश झाली होती. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत केली. "साहेब, जमलं तर बघा. नाही जमलं तरी..." आवंढा वगळणार होते, पण त्याशिवाय तो आवाज लागत नाही. "हरकत नाही, साहेब."

मामाच्या हातात रिमोट होता. टीव्हीत कुणीतरी साबण विकत होतं.

"मी असा बोलतो?" मामानं विचारलं.

मामीनं पिशवीतून भाजी बाहेर काढली.

"फोनवर असाच बोललो मी नंतर," तो म्हणाला. "शब्द न शब्द. साहेबही म्हणाले, हरकत नाही." मग रिमोट खाली ठेवत, "तरी त्यानं हसायला नको होतं."

"नको होतं," मामी भाजी निवडायला बसली. "उद्या तो वर येईल. फाईल खाली जाणार नाही. तुम्हाला भांडायचं असेल तर भांडा त्याच्याशी. पण मी समोर असताना सुरू करा. दरवेळी शेवटाला यायचा मला कंटाळा आलाय."

मामीनं शनिवारचा दुपारचा खेळ सोडला. मॅनेजरच्या नाकातून फोनवर जे काही निघालं ते ती कान लांब धरून ऐकत होती. मी दादाला कळवलं. "मामी म्हणतेय वर ये."

"का?"

"मी सांगितलं तिला. मामालापण."

"शहाणीच आहेस," तो म्हणाला. हे कौतुक नव्हतं.

तो आला आणि उंबऱ्याबाहेर उभा राहिला. दाढी वाढवलेली, नवी बॅग पाठीला.

"आत ये, माश्या येतायत," मामी म्हणाली.

तो आला. मामीनं पानं वाढली. चौघं जेवायला बसलो.

"तीन वर्षं?" मामानं विचारलं.

"तीन."

"राहायला?"

"सहाजण एका खोलीत."

"पाण्याचं काय?"

"गेल्यावर कळेल."

मग मामानं घास खाली ठेवला. "त्या दिवशी..."

मामीनं वाढायचं थांबवून पळी भांड्यात सोडली, ताट पुढे सरकवलं आणि नीट बसली. "हं. बोला."

"मला वाटलं तू केलंस."

"हसलो तर होतोच," दादा म्हणाला.

"हं."

"गळा धरायला नको होता मी."

"हं."

झालं. पुस्तकात या जागी शिंगं फुंकतात, नगारे वाजतात, निदान कुणाचा तरी आवाज फाटतो. आमच्याकडे मामानं लोणच्याच्या बरणीचं झाकण लावलं. मी माझं "सॉरी" ताटाकडे बघत म्हटलं. दादानं माझ्या डोक्यावर टपली मारली, जरा जोरात. त्यानं दाखले उलटून पाहिले, फाईल बॅगेत घातली. मामा जिन्यापर्यंत गेला.

"येतो," दादा म्हणाला.

"ये," मामी म्हणाली. "पोचलास की मला फोन कर. हिला नको."

मग तिनं भांडी घासायला घेतली. मी विसळत होते. नळ बराच वेळ वाहत होता.

"मला वाटलं होतं आज रडू येईल," मामी म्हणाली, दूध आलं नाही सांगावं तसं. "नाही आलं."

"येईल, मामी."

"येईल तेव्हा बघू. ते पातेलं उपडं ठेव, पाणी राहतं त्यात."