तिचं वचन, तिच्याच तोंडून

चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत ती काचा घासायची. फिरत्या दगडावर पाण्याची बारीक धार, आणि हातातली काच फ्रेमच्या मापाची होईपर्यंत तासणं. तिथे बोलावं लागत नाही, म्हणूनच तिने हे काम पत्करलं होतं. लहानपणापासून तिची जीभ अडायची. 'प' आणि 'म' तर हाडवैरी. मग शब्दाला वळसा घालायची सवय लागली. पाणी हवं असलं की "तहान लागलीय" म्हणायची. मंगळवार म्हणजे "सोमवारनंतरचा दिवस".

लग्न ठरलं एका बसड्रायव्हरशी. गडी बोलका आणि जीव लावणारा. ती अडकली की तो लगेच पुढचा शब्द पुरवायचा. बहुतेक वेळा बरोबर निघायचा. एकदा मात्र तिला पडदे हवे होते आणि हा दुकानदाराला पलंग दाखवा म्हणून बसला.

लग्नाच्या तयारीसाठी दोघं चर्चमध्ये गेले. फादरनी विधी समजावला. "अंगठी ही खूण. पण लग्न मी लावत नाही. देवासमोर तुम्ही एकमेकांना शब्द देता, त्या शब्दाने ते लागतं. मी चर्चच्या वतीने तो ऐकतो आणि आशीर्वाद देतो." मग तिच्याकडे बघून हळूच म्हणाले, "तुला जड जात असेल, तर दुसरी रीत आहे. मी प्रश्न विचारीन, तू नुसतं 'हो' म्हण. तेही तितकंच खरं लग्न."

"नको," ती म्हणाली. मग थांबत थांबत तिने कारण सांगितलं. "हो म्हणणं सोपं आहे, फादर. आजवर तेच करत आलेय. पटलं नाही तरी हो. कारण नाही म्हटलं की पुढे बोलावं लागतं. ह्या वेळी सगळं बोलायचंय."

घरी आईने डोक्याला हात लावला. "अगं, दोनशे माणसं असतील. हसं होईल तुझं!"

"होऊ दे."

रोज दगडाच्या घरघरीत ती वचन म्हणायची. संध्याकाळी त्याच्यासमोर. ती 'म'वर अडली की तो "मी!" म्हणून मोकळा. तिसऱ्यांदा ती चिडली. "माझं वचनही तूच म्हटलंस, तर तुझं लग्न तुझ्याशीच लागेल!"

तो हसला, मग म्हणाला, "तू अडकलीस की माझा जीव वरखाली होतो गं."

"होऊ दे. तुझ्या वाटचं काम तेवढंच. थांबायचं."

लग्नाच्या दिवशी त्याने आपलं वचन एका दमात म्हटलं. तिची पाळी आली आणि पहिल्याच अक्षराला कडी बसली. बाकं करकरली. कुणीतरी उगाच खाकरलं. तिची आत्या मागून पुटपुटली, "अहो फादर, विचारून टाका ना तुम्हीच!" फादर जागचे हलले नाहीत. नवरदेवाचे कान लालबुंद झाले होते, पण ओठ मिटलेलेच होते. ती थांबली, श्वास घेतला आणि पुन्हा सुरुवातीपासून निघाली. "मी तुला माझा..." 'पती' चौथ्या खेपेला सुटला. सुखात आणि दुःखात, आजारपणात आणि आरोग्यात एकनिष्ठ राहण्याचं पार पडलं. पुढे 'मरेपर्यंत', 'प्रेम', 'मान', सगळे वैरी एका ओळीत उभे. तिने एकालाही वळसा घातला नाही. शेवटचं "राखीन" म्हणेपर्यंत चार मिनिटं गेली होती, आणि चर्चमध्ये चिटपाखरू नसल्यासारखी शांतता होती.

जेवणाच्या वेळी सासूबाई तिच्या शेजारी येऊन बसल्या. "माझ्या लग्नात मी घडाघडा म्हटलं आणि तासाभरात विसरले," त्या म्हणाल्या. "आज तुझ्यामुळे कळलं, केवढं कबूल करून बसलेय ते."

पुढच्या वर्षी दुकानाच्या मालकाला काउंटरवर माणूस हवं होतं. ती जागा तिने आपणहून मागितली. आता गिऱ्हाइकांना नंबर, किंमत, दिवस, सगळं तीच सांगते. काही जण कंटाळून दुसऱ्या दुकानात जातात. जाऊ देत, म्हणते ती, आणि पुढच्या माणसाकडे वळते.