मधल्या कप्प्यांची ऊब

बॅटऱ्यांना म्हातारपण कधी येणार, हे संगणकावर आधीच काढून ठेवणं हा माझा धंदा. दुपारच्या उन्हाची वीज भरून घेऊन दिवेलागणीला ग्रिडला परत देणाऱ्या, खोलीएवढ्या डब्यांत बसवलेल्या मोठाल्या बॅटऱ्या. भरलेल्यातली किती वीज परत मिळते आणि वर्षागणिक ती कशी घटते, याचं मॉडेल मी गंगापूर रोडच्या ऑफिसात दोन वर्षं रचत होते. आणि ते चुकत होतं. माझ्या पडद्यावर बॅटऱ्या ठणठणीत, साइटवर मात्र दमलेल्या. सोमवारपर्यंत जुळलं नाही तर तुझं बाजूला ठेवून विकतचं मॉडेल आणू, असं साहेबांनी सांगितलं. तेही इतक्या गोड आवाजात, की मला आणखीच राग आला.

शनिवारी नामपूरला आईकडे गेले, ती तोंड पाडूनच. आई कांद्याच्या चाळीत होती. बांबूच्या फटीतून तिने कोपरापर्यंत हात ढिगात खुपसला होता. कांदा आतून तापायला लागला, की वास सुटायच्या आधी तिच्या हाताला कळतं. डब्यात एसी चालू, गारवा चांगला, तरी बॅटऱ्या खराब का होतात, म्हणून मी कुरकुरले. गारवा मोजला कुठे, असं तिने विचारलं. दारापाशी, मी म्हणाले.

तिने हात बाहेर काढला. "दारजोडना कांदा कधी पहिले सडस का? मझारना सडस."

मीही हात घातला. कडेला गार, मझार, म्हणजे आत मधोमध, चांगलीच ऊब. याच चाळीत वाढलेली मी, आणि दारापाशचा एकच आकडा सगळ्या डब्याला चिकटवून मोकळी झाले होते! लाज वाटली, आणि हसूही आलं.

रविवारी ऑफिस उघडलं. डब्यातल्या मधल्या कप्प्यांच्या तापमानाच्या नोंदी साइटवरून रोज येत होत्या; मी त्या कधी पाहिल्याच नव्हत्या. प्रत्येक कप्प्याला त्याचं त्याचं तापमान दिलं. मधले आधी थकले, त्यांनी सगळ्या डब्यालाच मागे ओढलं, आणि माझी रेष साइटच्या रेषेवर जाऊन बसली.

सोमवारी साहेब म्हणाले, तुझंच मॉडेल ठेवू. मी लगेच आईला फोन केला. बॅटऱ्या वाटल्या होत्या त्याहून लवकर थकणार असं निघालं, हे सांगताना मला हसू आवरेना.

"लवकर म्हाताऱ्या व्हतीन, मंग तू हसस का बरं?"

खरं काय ते कळलं म्हणून, मी म्हणाले.

"मंग आते मझार वारा जाऊ द्या," ती म्हणाली आणि चाळीत जायचंय म्हणून तिने फोन ठेवला.