पंपाला लागणारी खोली

आमच्या वहिनीच्या गळ्यात कायम मापाची टेप. शिंपीण ती, पण कपड्यांवर थांबेल तर शपथ. सोफा दारातून आत जाईल का, शेजारणीचा नवरा खरंच तिच्यापेक्षा बुटका आहे का, सगळं मोजून बघणार. दादा वारला, आता घरात आम्ही दोघीच. नणंद असून मी तिला सासूसारखी बोलते, असं ती गावभर सांगते. सांगू दे.

तर घरात हीट पंप बसवला. अंगणातली ती पंख्याची पेटी बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून घेते आणि खोल्याखोल्यांत भिंतीला लावलेल्या रेडिएटरचं पाणी तापवते, त्यानं घर उबदार राहतं. एका मीटरवर कळतं वीज किती खाल्ली, दुसऱ्यावर उष्णता किती दिली. वहिनीला आयतंच सापडलं. एका युनिट विजेत तीन युनिट उष्णता मिळायला हवी, असं बसवणारा कारागीर म्हणाला होता. आमचा आकडा अडीचवर अडून बसला. वहिनीनं जिवाचं रान केलं. पेटीपुढची झुडपं छाटली, जाळीतला कचरा काढला, सारखं बंद-चालू करायचं सोडलं. पाणी कमी तापवून पाहिलं, तर स्वयंपाकघरात मी कुडकुडायला लागले आणि तोंड सोडलं, मग पुन्हा होतं तेवढं तापवावं लागलं. आकडा काही वर सरकेना.

शेवटी कारागिराला बोलावलं. तो घरभर फिरला आणि जिन्याजवळच्या बंद दारापाशी थांबला. ही खोली बंद का, त्यानं विचारलं. मी वहिनीकडे बघितलं, वहिनीनं टेपकडे.

ती लेकीची खोली. लेकीला शिवणकाम नको होतं, लांबच्या शहरात नोकरी धरायची होती. शब्दानं शब्द वाढला आणि वहिनी बोलून गेली, "जायचं तर जा. मग हे घर तुझं नाही." पोर गेली. वहिनीनं त्या खोलीचा रेडिएटर बंद केला, दार ओढून घेतलं. रिकामी खोली कशाला तापवायची, म्हणाली. तेव्हापासून आई-लेकीचं बोलणं फोन धरून मीच इकडून तिकडे पोचवते. जेवलीस का, बरी आहेस का, संपलं.

कारागीर म्हणाला, इथंच तर घोडं अडलंय. खोली बंद ठेवून वीज वाचत नाही; ती गार खोली शेजारच्या खोल्यांची उष्णता खाते, मग उरलेल्या रेडिएटरना जास्त तापलेलं पाणी लागतं, आणि पाणी जितकं गरम तितकी पंप वीज जास्त खातो. सगळे उघडा, पाणी कोमट ठेवा. वहिनी फणकारली, ती खोली सोडून दुसरं काय ते सांगा. दुसरं काही नव्हतंच. तो बिचारा चहा घेऊन गेला.

मला राहवलं नाही. "वहिनी, तुझा राग पोरीवर. पंपानं काय घोडं मारलंय?"

दुपारी शिलाई मशीनचा आवाज थांबला म्हणून बघते तर बाई लेकीच्या खोलीत, चालू केलेल्या रेडिएटरला हात लावून बसलेली. खोली तापत गेली तसा कपाटातल्या कपड्यांना लेकीचा वास सुटला. वहिनी हुंदके देत रडली. मीही रडले, खोटं कशाला बोलू? आम्हाला ती पोर घरात हवी होती, बाकी काही नाही.

पाणी कोमट केलं, तरी स्वयंपाकघर उबदार राहिलं. बाहेर थंडी होती तेवढीच, पण आकडा चढत चढत तिनाच्या वर गेला. वहिनीनं तो परत परत पाहिला आणि एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच माझ्या हातातून फोन घेतला.

"तुझी खोली उघडली," ती लेकीला म्हणाली. "पंपाला लागते."

पलीकडून पोरीनं आकडा विचारला. आईनं सांगितला. पाणी किती गरम, पंखा किती वाजतो, दोघी पंपाचंच बोलत राहिल्या. मी मनात म्हणतेय, अगं बाई, ये म्हण की! कसचं काय. फोन ठेवला.

"येते म्हणाली?" मी विचारलं.

"येत नाही, असं नाही म्हणाली."

आणि गळ्यातली टेप काढून ती लेकीच्या खिडकीचं माप घ्यायला लागली. त्या खिडकीला चांगले पडदे आहेत, वहिनीनंच शिवलेले.